वायरीचं दुसरं टोक

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथले अनुभव नुसते वाचत होते… आज पहिल्यांदाच लिहायला बसलेय. आणि खरं सांगू का, चोरी केल्यासारखं वाटतंय. कारण आमच्या घरात असलं काही बोललेलं चालत नाही. आम्ही बौद्ध. आजोबांनी घरातला देव्हारा उचलून बाहेर ठेवला, तेव्हापासून आमच्याकडे ना अंगारा, ना उतारा, ना दारावर लिंबू-मिरची. पप्पा झेडपीचे शिक्षक होते. लहानपणी मी शाळेमागच्या चिंचेखालून जायला घाबरायचे, म्हणून त्यांनी मला भर उन्हात त्याच चिंचेखाली बसवून पाढे म्हणायला लावले होते. भूत काही आलं नाही, सतराचा पाढा मात्र पाठ झाला. मी त्या माणसाची मुलगी. अमावास्येला हटकून नवीन वस्तू घेणाऱ्यातली.

तेव्हा खालचं वाचून "ताई, पौर्णिमेला नारळ फोडा" असला सल्ला कृपया देऊ नका. कुणी नेटवर्किंगमधलं असेल तर मात्र जरूर बोला. मला खरंच उत्तर हवंय.

माझं माहेर वाशी. नवी मुंबईतलं नव्हे हो… धाराशिव जिल्ह्यातलं वाशी. हे मला आयुष्यभर सांगावं लागलंय. बाजारतळाच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. एकामागे एक अशा तीन खोल्या. समोरची खोली रस्त्याला लागून, मधली जरा अंधारी, आणि मागची परसात उघडणारी, त्यामुळे शांत. शेजारी पिठाची गिरणी. समोरच्या खोलीत फोनवर बोलायचं म्हणजे भांडल्यासारखंच बोलावं लागतं. मोबाईलची रेंज म्हणाल तर गच्चीवर गेलं की दोन कांड्या, खाली आलं की राम कृष्ण हरी.

घरात आई आणि धाकटी बहीण करुणा. आई अंगणवाडी सेविका होती, आता घरीच असते. मी लग्न होऊन पुण्याला, एका कंपनीचं काम घरून लॅपटॉपवर करते. करुणाला आई 'बारकी' म्हणते. बारकी नर्स आहे. सोलापूरला मोठ्या दवाखान्यात चांगली नोकरी होती, पण पप्पा गेले आणि ती सगळं सोडून आईसाठी वाशीला आली. इथल्याच एका छोट्या दवाखान्यात लागली. आणि संध्याकाळी घरी येऊन गुपचूप जर्मन शिकायला लागली. जर्मनीत नर्सेस हव्या आहेत, तिकडे जायचं हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आईने एकदाही नको म्हटलं नाही. "जा की. म्या कशाला आडवू?" एवढंच. पण बारकी मोबाईलवरून जर्मन वाक्यं घोकायला लागली की आई उठून परसात जायची आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायची. आम्हा दोघींनाही ते दिसत होतं.

आता मुद्द्याचं. तिकडच्या दवाखान्याने बारकीची एकदा ऑनलाइन मुलाखत घेतली होती. मध्येच नेट गेलं… परत येईपर्यंत तिकडची माणसं उठून गेली होती. बारकी दोन दिवस जेवली नाही. मग एजन्सीच्या बाईंनी खूप रदबदली करून पुन्हा एकदा तारीख मिळवली, आणि स्पष्ट सांगितलं की ही शेवटची. यावेळी नेट गेलं तर आम्हाला विचारू नका. म्हणून मी मुद्दाम रजा टाकून वाशीला गेले. मोठी बहीण, कॉम्प्युटरवर काम करणारी, मीच ना सगळ्याची तज्ज्ञ!

तर नेटची अवस्था अशी. समोरच्या खोलीत भिंतीवर फायबरचा डबा. मागल्या उन्हाळ्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि गल्लीतल्या निम्म्या घरांचे टीव्ही गेले. आमचाही गेला. आणि डब्याचं वायफायही मेलं. वाचलं ते वायर लावायचं एक भोक. कंपनीचा माणूस "डबा बदलून देतो" म्हणून गेला तो गेलाच. तेव्हापासून आमच्या गल्लीत एक रीतच पडलीय. आभाळ नुसतं गुरगुरलं तरी घराघरातून बायका धावतात आणि भिंतीतल्या सगळ्या वायरी उपटतात. आई तर ढग दिसला की उठते. एकदा तिने शेजाऱ्यांच्या फ्रिजचीही काढून ठेवली होती.

बारकीचा लॅपटॉप नवा, पापडासारखा पातळ. कॅमेरा झकास, पण वायर लावायला त्याला जागाच नाही. माझा लॅपटॉप जुना, जाडजूड. त्याला वायर लागते, पण कॅमेरा मेलेला. ही अडचण सोडवायला एक छोटं अडॅप्टर मिळतं, ते मी मागवलंही होतं. पार्सल जवळच्या येरमाळ्यापर्यंत आलं आणि तिथंच मुक्कामाला राहिलं.

मग मी दुसरी युक्ती केली. डब्यापासून लांब वायर मधल्या खोलीपर्यंत आणली आणि माझ्या लॅपटॉपला लावली. सेटिंगमध्ये जाऊन हॉटस्पॉट चालू केला. म्हणजे माझा लॅपटॉप वायरीतून नेट घेणार आणि स्वतःच वायफाय सोडणार. मागच्या खोलीत बारकीचा लॅपटॉप ते पकडणार. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सोपं सांगते… शेजारणीने नळाची पाईप घेतली आणि तिच्याकडून आपण घागर भरून घेतली, तसं. शेजारणीच्या नळालाच पाणी नसेल तर आपली घागर कोरडी. हे वाक्य नीट लक्षात ठेवा.

सकाळी तालीम केली. मी गच्चीवर जाऊन फोनवरून तिला व्हिडिओ कॉल लावला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. जीव भांड्यात पडला. आईने धपाटे केले होते, ते बारकीने कसेबसे खाल्ले. मग आईने तिला पुढ्यात बसवलं आणि तिची वेणी घातली. तिशीला आलेली बाई, आणि ती गुपचूप मान खाली घालून बसली होती. आई हळूहळू घालत होती… फार हळू. मी शेवटी म्हटलं, "आई, आवर की गं. तिकडं जर्मन लोक घड्याळ लावून बसलेत."

"बसू दे," आई म्हणाली. "माझ्या लेकीची वेणी झाल्याबिगर कोन बोलतंय तिच्याशी बघू."

मुलाखत दुपारी होती, त्यांच्याकडे तेव्हा सकाळ. मी कामं वाटून दिली. बारकी मागच्या खोलीत, दार लावून, कानाला हेडफोन. मी मधल्या खोलीत लॅपटॉपपाशी, काही बिघडलं तर बघायला. आणि आई समोरच्या खोलीत, राखणीला. कुणाला आत येऊ द्यायचं नाही, वायरीला कुणाचा पाय लागू द्यायचा नाही. आई डब्याखाली भिंतीला टेकून बसली. मी मधलं दार नुसतं लोटून घेतलं. खालून वायर आत आलेली.

मुलाखत सुरू झाली. बंद दारातून बारकीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, जर्मनच ते, पण आवाज थरथरत नाहीय एवढं कळत होतं. माझ्या लॅपटॉपवर हॉटस्पॉटच्या पानावर तिच्या लॅपटॉपचं नाव दिसत होतं. जोडलेलं आहे. मी त्या नावाकडे बघत बसले. उसाला पाणी देताना माणूस दारं धरून बसतो ना, फक्त पाणी पुढं जातंय ना एवढंच बघत… तशी.

आणि मग काय झालं ते नीट सांगता येत नाही. झोप म्हणावी तर मी जागी होते. गिरणी कधी थांबली कळलं नाही. रस्त्यावरची वर्दळ थांबली. वरचा पंखा फिरताना दिसत होता, पण त्याची ती रोजची कटकट ऐकू येत नव्हती. खिडकीच्या पडद्यातून ऊन आत येऊन फरशीवर पडलं होतं, ते इतकं मऊ दिसत होतं की हात फिरवावासा वाटला. लहानपणी ताप आला की आई उशाशी बसायची आणि दुपार संपायचीच नाही, तशी ती दुपार झाली होती. कुठेतरी काहीतरी वाहतंय, समोरून मागे, माझ्याजवळून, सावकाश… असं वाटत होतं. भीती अजिबात नव्हती. इतकी शांत मी पप्पा गेल्यापासून झाले नव्हते. मला उगाचच रडू येत होतं, आणि ते येऊ द्यावंसं वाटत होतं.

एक गोष्ट मात्र मी पाहिली होती. लॅपटॉपच्या कडेला वायर जिथे शिरते तिथे एक बारीक नारिंगी दिवा लुकलुकत असतो. तो विझलेला होता. मी तो विझलेला पाहिला, आणि माझ्या मनात आलं, 'विझलाय.' बस्स. पुढे काहीच आलं नाही. एरवी मी ताडकन उठले असते. बारकीचा आवाज आतून येतच होता, मध्येच ती हसली… मनमोकळं, पप्पा असताना हसायची तसं. मी तशीच बसून राहिले.

मग दार उघडलं. बारकी दारात उभी, हेडफोन गळ्यात, डोळे पाण्याने भरलेले. "झालं गं ताई. सगळं झालं. एकदा पण अडकलं न्हाय. त्या बाई म्हणल्या, किती स्वच्छ दिसतीयस, समोर बसल्यावानी."

मी तिला मिठी मारली. पंख्याची कटकट परत सुरू झाली होती. गिरणीही.

"आणि ताई, गाणं कोण म्हणत होतं?"

"कसलं गाणं?"

"त्या बाईंनी विचारलं की. म्हणल्या, तुझ्यामागं कुणीतरी फार गोड गुणगुणतंय, तुझी आई का? मी तर घाबरले, म्हटलं आता ही संधी पण काढून घेतात का काय. मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. मी हो म्हणून टाकलं. तर त्या हसल्या आणि म्हणल्या, असू दे, असू दे, थांबवू नकोस."

मी मधल्या खोलीत होते. दोघींच्या मध्ये. माझ्या कानावर कसलंही गाणं आलं नव्हतं. पण तेव्हा आनंदच एवढा होता की मी ते बाजूला सारलं आणि आईला सांगायला समोर पळाले. बारकी "त्यांना आभाराचा मेल टाकते" म्हणत आत गेली.

समोर आई होती तशीच भिंतीला टेकून बसलेली. डोळे मिटलेले. आणि तिच्या दोन्ही हातांत, मांडीवर, वायरीचं टोक.

मी वर पाहिलं. डब्यातून वायर निघालेली. डब्याची लाईटची पिनही भिंतीतून काढून खाली ठेवलेली. डब्यावर एकही दिवा नाही. मेलेला डबा.

"आई! हे काय केलंस?"

आईने डोळे उघडले. झोपेतून उठल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "झालं का गं तिचं?"

"झालं. छान झालं. पण तू वायर कधी काढलीस? आत्ता?"

"आभाळ गरजलं की," ती पुटपुटली आणि वायर खाली फरशीवर ठेवून गुडघ्यावर हात टेकत उठली.

तिने वायर ठेवली मात्र, आतून बारकीची हाक आली. "ताई, नेट गेलं का गं? मेल जाईना."

अंगावर काटा येणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

मी मनाची समजूत घातली की आईने आत्ताच, मुलाखत संपता संपता काढली असेल. योगायोग. मी पप्पांची मुलगी ना. पण तेवढ्यात शेजारच्या जिजाकाकू आल्या, "कशी झाली बारकीची परीक्षा?" विचारत. त्या मुलाखत चालू असताना येऊन आईपाशी बसून गेल्या होत्या, हे मला माहीतच नव्हतं. मी विचारलं, "काकू, तुम्ही आलात तेव्हा आईच्या हातात ही वायर होती का हो?"

"व्हय की. पोरीचं नुकतंच सुरू झालं व्हतं. म्या आले तवा ही अशीच बसलेली. म्हनलं, ही काय म्हशीचा कासरा धरून बसलीय का काय! बोलली बी न्हाय माझ्याशी. नुसतं बोट ठेवलं व्हटावर. मंग म्या गेले उठून."

"तेव्हा आभाळ गरजलं होतं?"

मला वेड लागल्यासारखं काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "अगं बाय, आभाळ गरजलं असतं तर म्या हितं बसले असते का? माझ्या कुरडया वाळत्यात गच्चीवर!"

मी बाहेर येऊन वर पाहिलं. आभाळ पांढरंफटक, ढगाचा ठिपका नाही. लांब डोंगरावरच्या पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या. आई चहाचं आधण ठेवायला निघून गेली होती.

त्या रात्री पुण्याला नवऱ्याला फोन लावला. तो नेटवर्किंगमध्येच आहे. त्याने आधी ऐकून घेतलं, मग हसला, मग हसायचा थांबला. "लॅपटॉपने दुसरं वायफाय पकडलं असेल." कुठलं? गल्लीत दुसऱ्या कुणाकडे वायफाय नाही, असलं तर माझ्याकडे त्याचा पासवर्ड नाही. "बारकीचा मोबाईल?" बंद होता, मुलाखत घेणाऱ्यांनी बंदच ठेवायला सांगितला होता. माझा आईच्या पेटीवर पडला होता, रेंज शून्य. "मग आधीचं चित्र साठवलेलं असेल." दोघी समोरासमोर प्रश्न-उत्तरं करतायत, हसतायत, ते साठवलेलं कसं असेल? शेवटी म्हणाला, "तू झोपली होतीस." नवऱ्यांचं शेवटचं उत्तर नेहमी हेच असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बहिणींनी तेच सगळं पुन्हा मांडलं. तीच वायर, तीच जागा, तेच लॅपटॉप, आणि नवरा व्हिडिओ कॉलवर. मी डब्यातून वायर काढली… नवऱ्याचं तोंड उघडं असतानाच चित्र थिजलं आणि कॉल तुटला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बारकी म्हणाली, "आईला धरायला लावू या का?" आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला न्हाय सांगायचं असलं काही. लायटीच्या वस्तूला हात लावत नसते म्या." आणि सूप घेऊन परसात गेली.

गाण्याचंही विचारलं. तेव्हा मात्र तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली की बारकी पाळण्यात असताना जो पाळणा म्हणायची तो मनात चालू होता. "मनात गं. तोंड बी उघडलं न्हाय म्या." बारकीने माझ्याकडे पाहिलं, मी बारकीकडे. तिच्या हेडफोनचा माईक मागच्या खोलीत, बंद दाराआड, आणि आईचं मन समोरच्या खोलीत.

बारकीची निवड झाली. कागदपत्रं, व्हिसा, सगळं यथावकाश झालं. ज्या सकाळी ती निघाली त्या सकाळी आम्ही तिला येरमाळ्याच्या फाट्यावर पुण्याच्या गाडीत बसवून दिलं, पुढे माझा नवरा तिला विमानतळावर सोडणार होता. आई रडली नाही. गाडी हलली तशी खिडकीतून बारकीचा हात बाहेर आला, आईने तो धरला, आणि गाडीबरोबर दोन-चार पावलं चालली. मग सोडला. हायवेच्या कडेला तशीच उभी राहिली, गाडी दिसेनाशी झाल्यावरही.

या सगळ्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. नवऱ्याकडे नाही, त्याच्या ऑफिसातल्या लोकांकडे नाही. मी भूत मानत नाही, देव मानत नाही, आणि आईच्या हातातून इंटरनेट जातं असंही मानायला तयार नाही. पप्पा असते तर त्यांनी मला त्या डब्याखाली बसवून पाढे म्हणायला लावले असते. पण त्यांनाही सापडलं असतं का उत्तर, याची आता मला खात्री नाही. एखादवेळेस तुमच्यापैकी कुणाला तरी सापडेल.

मी हे लिहितेय ते मात्र त्या दिवशी येरमाळ्याहून परत आल्यावर जे झालं त्यामुळे. घरात आम्ही दोघीच. मागची खोली रिकामी. आई समोरच्या खोलीत त्याच जागी बसली, मी तिला पाणी दिलं. पाणी न पिता ती तांब्या हातात धरून बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिशी आभाळ गरजलं नव्हतं."

"माहितीय," मी म्हटलं.

"म्याच काढली वायर. सुरू झालं तिचं, तवाच. म्हनलं बंद पडू दे. मागच्यावानी. म्हनलं ऱ्हाईल हितंच, माझ्यापाशी."

राग यायला हवा होता… आला नाही. मी तिच्या शेजारी बसले.

"मंग वाट बघत बसले," आई सांगत होती, "की आता रडत भाईर येती, मंग येती. तर आतून तिच्या हसन्याचा आवाज आला. कसली हसली गं! म्हनलं हे तर चालूच हाय. वायर तर माझ्या हातात. काईच कळंना मला. कोमट लागत व्हती हाताला, लेकराच्या बोटावानी."

"मग लावायची होतीस ना परत डब्याला."

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"लावायला सोडावी लागली असती की. दोनी हातांनी घट धरून बसले, येक शब्द बोलले न्हाय का हलले न्हाय. म्या सोडली आन् तिचं बंद पडलं असतं तर?"